पहाटे साडेचारचा तलाव : सोलापुरातलं एक सुशोभीकरण आणि मासे धरणारी तीसेक घरं

मच्छीमार आणि शहर यांच्या भांडणाचा विषय निघाला की वरळी, मिरकरवाडा, मालवण ही नावं येतात. सोलापूर येत नाही. समुद्र पार घाटाखाली, आणि गावाची ओळख चादर, टॉवेल, शेंगाचटणी नि चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी. तरी या गावात मासा धरून पोट भरणारी घरं आहेत. तलाव देखणा करायच्या नादात त्यांची पाण्याकडं जायची वाट कशी गेली आणि अर्धीमुर्धी परत कशी आली, त्याची ही हकिगत. तलावाचं नाव, साल, माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. एक गोष्ट आधीच कबूल करतो. पहिलं सर्वेक्षण मीच केलं होतं, आणि प्रकरण बिघडलं ते तिथंच.

पार्श्वभूमी

सोलापूर तसं तळ्यांचं गाव. मधोमध सिद्धेश्वर तलाव, विजापूर रस्त्याला संभाजी तलाव, म्हणजे जुन्या लोकांचा कंबर तलाव, आणि तुळजापूर रस्त्याला १८७१ साली पुरा झालेला एकरुखचा, ज्याला गाव हिप्परग्याचा तलाव म्हणतं. शिवाय लहानसहान पाणी वेगळं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत पुण्याबरोबर सोलापूरचं नाव आलं. तेव्हापासून काठ, चौक, बागा सुधारण्याची भाषा इथं रोजची झाली. आमचा प्रकल्प त्याच वाऱ्यातला : पाण्याभोवती चालायचा ट्रॅक, हिरवळ, दिवे, बोटिंग आणि सगळ्या बाजूंनी स्टीलचं रेलिंग.

तलावाच्या मागल्या अंगाला एक वस्ती आहे. बहुतेक घरं भोयांची, काही कोळ्यांची. त्यांतली जुनी मंडळी करमाळ्याकडून आलेली. १९८० मध्ये उजनी धरण झालं तेव्हा वरच्या बाजूची गावं पाण्याखाली गेली. खालची भीमा तेव्हापासून आवर्तन सोडलं की वाहते, एरवी डबकी. नदीवर जगणारा माणूस मग शहरात आला, मिलमध्ये लागला, आणि मिला बंद पडल्यावर पुन्हा जाळ्याकडं वळला. एका म्हाताऱ्या बाबांनी मला सांगितलं, "भोंगा हुता तवर मासा हौसंचा हुता. भोंगा बंद झाला, मासा पोटाचा झाला."

यांचा दिवस उलटा चालतो. दिवस मावळताना तंगूसचं, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याचं, जाळं टाकायचं, पहाटे चार-साडेचारला थर्माकोलच्या तराफ्यावरून काढायचं. तराफा म्हणजे काय, तर थर्माकोलचे ठोकळे खताच्या पोत्यात घालून दोरीनं आवळलेले. त्यावर एक माणूस मांडी घालून बसतो आणि दोन हातांत दोन फळकुटं घेऊन पाणी मागं सारतो. चिलापी सगळ्यांत जास्त. रोहू, कटला बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलं असेल त्या साली. मरळ मिळाली तर ती घरी खायची नाही, तिला गिऱ्हाईक ठरलेलं असतं. सहापर्यंत मासा काठावर, सातला बायका टोपल्या घेऊन कोपऱ्यावरच्या रस्त्यावर, दहाला सगळं आवरलेलं. रविवार, बुधवार, शुक्रवार हे धंद्याचे दिवस. सोमवार सिद्धेश्वराचा, त्या दिवशी कोण मासा घेणार? आषाढात चांगली विक्री, श्रावणात उधारी.

आता सर्वेक्षणाची वेळ बघा. आम्ही तिघं सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच तिथं असायचो. फॉर्म सल्लागार कंपनीचा होता. त्यात घर, दुकान, हातगाडी, धार्मिक बांधकाम असे रकाने होते, मासेमारीचा नव्हता. मी 'तलावाचा वापर' या ओळीत कपडे धुणे, जनावरे, विसर्जन असं भरलं आणि शेवटी 'इतर'मध्ये लिहिलं : क्वचित मासेमारी. एका म्हाताऱ्याला दुपारी गळ टाकून बसलेलं बघितलं होतं, त्यावरून. 'क्वचित' हा शब्द अहवालात गेला, अहवालातून आराखड्यात, आराखड्यातून निविदेत.

प्रश्न काय होता

कुणाचं घर पडणार नव्हतं. हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण पुढं आम्ही वस्तीच्या बाजूनं बोलायला लागलो तेव्हा सगळ्या बैठकांत हेच वाक्य आमच्या तोंडावर फेकलं गेलं : "एकही घर हलवलेलं नाही, मग तक्रार कसली?"

वस्तीकडून तलावात उतरायला मातीचा एक उतार होता, दहा-बारा फूट रुंद. तराफे तिथं उपडे घालून ठेवायचे, जाळी तिथंच बाभळीवर वाळत टाकायची. ठेकेदारानं पहिल्या आठवड्यात तोच उतार पत्रे मारून बंद केला, कारण त्याला तिथून दगडाचं पिचिंग सुरू करायचं होतं. नवा काठ तिरका, दगडी, वर कमरेच्यावर रेलिंग. प्रवेश समोरच्या बाजूनं, सकाळी सहाला उघडणाऱ्या फाटकातून. सहाला! तोवर जाळ्यातला मासा मरून पडतो, आणि एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात मेलेल्या माशाला कितीसा वेळ असतो ते गिऱ्हाईक डोळा बघून ओळखतं. काही दिवस पोरं पत्र्यावरून उड्या मारून गेली. एका पहाटे रखवालदारानं दोन जाळी उचलून नेली, आणि त्या दिवशी बायका टोपल्यांसकट कार्यालयाच्या दारात बसल्या.

तिथं आक्का मला पहिल्यांदा भेटल्या. साठीच्या पुढच्या, कोपऱ्यावर सगळ्यांत जुन्या. मी फॉर्म काढून दाखवला की आम्ही येऊन गेलो होतो. त्या म्हणाल्या, "तुमी दुपारच्याला आलता. दुपारी तलावावर कोण असतंय? शेरडं, नि पोरंपोरी."

दुसरा गुंता कागदांचा निघाला. तलाव मासेमारीसाठी एका सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेला होता, आणि संस्थेच्या चेअरमननी सुशोभीकरणाला 'हरकत नाही' असं पत्र आधीच दिलं होतं. प्रशासनाच्या दृष्टीनं मच्छीमारांना विचारून झालं होतं. प्रत्यक्षात ठेका संस्थेच्या नावावर, बीजाचा पैसा एका व्यापाऱ्याचा, आणि पाण्यात उतरणारा माणूस किलोमागं ठरलेला दर घेणारा. सभासदांच्या यादीत कित्येक नावं अशी, की ज्यांनी जाळ्याला वर्षानुवर्षं हात लावलेला नाही. विकणाऱ्या बायकांपैकी यादीत एकही नाही. ही व्यवस्था गोड्या पाण्यावर काम करणाऱ्यांना नवी नाही. पण मी तरी तोवर 'मच्छीमार' हा शब्द एकवचनीच समजत होतो.

किनाऱ्यावर निदान कागदावर आधार आहे. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनं मच्छीमार गावं, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने, मासळी वाळवायच्या जागा नकाशावर दाखवायला सांगितलं. ते किती पाळलं जातं हा वाद निराळा, पण बोट ठेवायला एक ओळ आहे. जिथं भरती-ओहोटी नाही तिथं ती लागू होत नाही. आमच्या फायलीत होतं ते फक्त 'क्वचित'.

कोणते पर्याय समोर होते

प्रशासनाकडून पहिला पर्याय आला तो एकरकमी मदतीचा. ऐकायला बरा होता, पण रक्कम कुणाला द्यायची? यादी संस्थेची. पैसे व्यापाऱ्याच्या खिशातून फिरून आले असते किंवा आलेच नसते. वस्तीतल्या दोघा-तिघांना तरीही तो हवा होता, कारण त्यांच्यावर त्याच व्यापाऱ्याचं देणं होतं. आम्ही तो नको म्हटलं. आज वाटतं, ते ठरवणारे आम्ही कोण?

दुसरा : दुसऱ्या पाण्यावर जा. हिप्परगा आहे, उजनीचं फुगवट्याचं पाणी आहे. नकाशात बघणाऱ्याला पाणी मोकळं दिसतं. पण तिथले ठेके तिथल्या संस्थांकडं, आणि कुठलाही भोई दुसऱ्या गावच्या पाण्यात जाळं टाकायला विचारत नाही, कारण उत्तर त्याला माहीत असतं. शिवाय उजनी म्हणजे होडी, इंजिन, डिझेल. थर्माकोलच्या तराफ्याचं ते काम नाही.

तिसरा पर्याय बागेत नोकऱ्यांचा : रखवालदार, माळी, बोटवाला. आमच्यातल्या कार्यकर्त्यांनी तो हसण्यावारी नेला, "मालकाला नोकर करताय" वगैरे. वस्तीतल्या तरुणांनी मात्र नेला नाही. एक पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, मला रात्रीचं पाण्यात उतरायचंच नाही. पगार द्या, मी बोट चालवतो." ते वाक्य मी त्या आठवड्याच्या टिपणात लिहिलं नाही. आमच्या मागणीत ते बसत नव्हतं.

चौथा पर्याय सरळ होता. वस्तीच्या बाजूचा तेवढा तुकडा रेलिंगशिवाय ठेवायचा, उतार तसाच राहू द्यायचा. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी याला कडक विरोध केला. त्यातला माशांच्या वासाचा मुद्दा मला पटला नाही, बुडण्याचा मुद्दा पटला. तलावात पोरं बुडतात, माणसं जीव द्यायला येतात, आणि उघडा काठ ठेवला तर जबाबदारी कुणाची, या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. मग उरला पाचवा : रेलिंग राहील, पण त्यात वस्तीकडं एक लोखंडी फाटक, खाली पाण्यापर्यंत काँक्रीटचा खडबडीत उतार, आणि विक्रीसाठी एक ओटा.

काय केलं

आधी सर्वेक्षण पुन्हा केलं, या खेपेला त्यांच्या वेळेनं. आठ दिवस पहाटे साडेतीनला जाऊन बसलो. त्यात रविवार आणि बुधवार येतील असं बघितलं. कोण उतरतं, कुठून, किती टोपल्या निघतात, किती मासा व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि किती बायकांकडं, सगळं वहीत. सोबत पाण्याचा नकाशा काढून घेतला. आमच्या आराखड्यात तो भाग नुसता निळा होता. त्यांनी त्यात म्हसोबाचा कोपरा, खडकाळ, गाळाची बाजू, नाल्याचं तोंड अशी नावं भरली. कुठं जाळं अडकतं, कुठं मरळ असते. उपअभियंता साहेबांनी तो नकाशा बराच वेळ बघितला. एवढंच विचारलं, "नाल्याचं तोंड तुम्ही इथं का दाखवलंय? आमच्या ड्रॉइंगमध्ये तर बंद केलंय." बंद झालं नव्हतं.

वासाचं भांडण तिथंच फिरलं. पाण्यातली झाडं आणि शेवाळं दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री तोच ओढतात. म्हणून सांडपाणी येणाऱ्या तलावात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासेमारीच्या पाण्याला, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'ड' वर्गाप्रमाणे, लिटरला किमान ४ मिलीग्रॅम प्राणवायू हवा. आजवर पाण्याचे नमुने दुपारी घेतले जात होते, आमच्या सर्वेक्षणासारखेच. पहाटे घेतलेला नमुना चारच्या पुष्कळ खाली आला. वस्तीला हे यंत्राशिवाय माहीत होतं : "मासा वर येऊन तोंड वासतो, मग आमी समजतो नाला सुटला." वास माशांचा नव्हता, नाल्याचा होता. फिरायला येणाऱ्यांपैकी एक निवृत्त मास्तर त्या दिवसापासून आमच्या बाजूचे झाले. बाकीचे झाले नाहीत.

निर्णयाच्या बैठकीत वरळीचा दाखला कामी आला. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर खांबांमधलं अंतर ६० मीटर धरलेलं होतं. होड्या लाटांत खांबावर आपटतील म्हणून वरळीचे कोळी जास्त अंतर मागत होते, आणि अखेर ते १२० मीटर करायचं ठरलं. मागणी त्याहूनही मोठी होती, ती पुरी झाली नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे त्यांचं भांडण रस्त्याशी नव्हतं, फटीशी होतं." मी म्हटलं, आमचंही तेच आहे, बारा फुटांची फट. पाचवा पर्याय त्या दिवशी मान्य झाला.

बायकांचं प्रकरण वेगळ्या कायद्यात बसत होतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही, हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधले, त्यातल्या एक तृतीयांश महिला असायला हव्यात. पण फेरीवाल्यांचं सर्वेक्षणही दहानंतरच झालेलं, म्हणजे या बायका त्यातही नव्हत्या. आम्ही प्रत्येकीचा अर्ज भरला, कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा आणि किराणा दुकानदाराचा जबाब जोडला. बर्फपेटीवाल्या दुचाकीसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना होती. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० आणि महिलांना ६० टक्के अनुदान होतं. अडचण अशी, की आधी स्वतः खर्च करायचा, अनुदान मागून. ज्या बाईचं भांडवल रोज सकाळच्या एका टोपलीएवढं, तिनं दुचाकी आधी घ्यायची कशातून? बचत गटातून दोघींना जमलं, बाकीच्यांना नाही.

काय झालं

उतार चांगला झाला. काँक्रीट ओलं असताना वस्तीतल्या दोघांनी फळीनं आडव्या रेघा मारून घेतल्या, म्हणून पाय घसरत नाही. आराखड्यात त्या रेघा नव्हत्या.

फाटक झालं, पण किल्ली कुणाकडं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पहिले दोन महिने ती रखवालदाराकडं राहिली आणि तो यायचा सहाला. फाटक असून पोरं पुन्हा रेलिंगवरूनच उड्या मारत होती! शेवटी एका साध्या पत्रावर ठरलं, की किल्ली वस्तीत राहील, महिन्याला एका घराकडं, आणि सातला कुलूप लागलंच पाहिजे.

ओटा पार फसला. पांढऱ्या टाइल्स, वर पत्रा, दहा जागा, उद्घाटनाला नारळ. पण तो तलावाच्या आतल्या अंगाला, रस्त्याकडं पाठ करून. तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन थेट टोपलीत. नळ नाही. यंत्रमागावर कामाला निघालेला माणूस सायकलवरून न उतरता अर्धा किलो घेऊन जायचा, तो गाडी लावून आत कशाला येईल? श्रावण संपल्यावरही धंदा वर आला नाही तेव्हा आक्का सगळ्यात आधी टोपली उचलून जुन्या कोपऱ्यावर गेल्या, आणि मागोमाग बाकीच्या. आता ओट्यावर दुचाक्या लागतात, गोधड्या वाळतात. बायकांपैकी काहींना विक्रेत्याचं प्रमाणपत्र मिळालं, काहींचे अर्ज अजून आहेत तिथंच आहेत. ज्यांच्याकडं कागद आहे त्या कोपऱ्यावर निर्धास्त बसतात, आणि नसलेल्या त्यांच्या शेजारी अंग चोरून.

ठेका तसाच आहे. व्यापारी तोच, दर त्याच्याच तोंडचा. यादीत नवी नावं घालायचा अर्ज संस्थेच्या सभेत दोनदा आला आणि दोन्ही वेळा गणसंख्या भरली नाही. तीन घरांनी जाळं सोडलं. नोकरी मागणारा तो पोरगा रिक्षा चालवतो; बोटिंगचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला.

वेगळं काय करता आलं असतं

वेळेचं आधी सांगितलंच. त्यात एवढीच भर, की आम्हाला पहाटे जायला कुणी अडवलं नव्हतं. भत्ता दिवसाचा होता आणि झोप प्यारी होती. आज कुठल्याही काठावर काम घेतलं तर मी आधी विचारतो, इथला दिवस किती वाजता सुरू होतो.

चेअरमनचं पत्र हातात आलं तेव्हा थांबायला हवं होतं. 'संस्थेची संमती' हे शब्द वाचून मला हायसं वाटलं होतं, आणि ते हायसं वाटणंच संशयास्पद मानायला हवं होतं. पत्राखाली एक सही होती. ज्यांचे तराफे काठावर पालथे पडलेत त्यांच्यापैकी कुणाची नव्हती.

निविदेआधी हे सगळं निघालं असतं तर उतार आणि फाटक ही दोन साधी कलमं होती. निविदेनंतर तीच 'जादा बाब' झाली, तिला वेगळी मंजुरी, वेगळं अंदाजपत्रक. काँक्रीट तेवढंच लागलं, फाईल मात्र सात महिने फिरली. त्या सात महिन्यांत वस्तीनं पत्र्यावरून उड्या मारून दिवस काढले, आणि सोडून गेलेली तीन घरं त्याच काळात गेली. प्रशासनाला दोष देणं सोपं आहे. जादा बाब ज्या 'क्वचित'मुळं झाली ते अक्षर माझं आहे.

ओट्याच्या बाबतीत आम्ही बायकांना विचारलं होतं, हे खरं. त्यांनी सावली मागितली, बसायला उंच जागा मागितली, ते दिलं. गिऱ्हाइकाला विचारायचं सुचलं नाही. कोपऱ्यावर एक सकाळ उभं राहून सायकली किती थांबतात हे मोजलं असतं तरी कळलं असतं. आक्कांना मी नंतर विचारलं, तुम्हाला तेव्हाच माहीत नव्हतं का? त्या म्हणाल्या, "म्हायती हुतं की. पण तुमी एवढं करायलालाव, नगो कसं म्हनायचं?"

तरुणांशी वेगळं बोलायला हवं होतं. बैठकीत बाप बसलेला असताना कुठला पोरगा म्हणेल की मला जाळं नको? बोटिंगच्या ठेक्यात वस्तीतल्या मुलांसाठी दोन जागांची अट घालता आली असती. ती आम्ही मागितलीच नाही, कारण आमच्या डोक्यात पारंपरिक व्यवसाय वाचवायचा होता.

या महिन्यात किल्ली आक्कांकडं आहे. चुलीमागच्या खिळ्याला, मिठाच्या बरणीच्या वर. पावसानं कुलूप गंजलंय. तेल कुणी घालायचं, वस्तीनं की बागेच्या ठेकेदारानं, यावर गेल्या बुधवारी पुन्हा वाद झाला. तोवर आक्का पदराच्या टोकाला गोडं तेल लावून नेतात.